जुन्या जीपचा ताप



वैशाखातील एका दुपारी मये गावातील आमच्या परिचयाचे एक कुटुंब घरातील म्हाताऱ्या आजीस घेऊन बांबोळीच्या रुग्णालयाकडे निघाले. आजीस दम्याचा जुना विकार. पहाटेपासून तिला श्वास लागला होता. वाहन म्हणजे घरचीच जीप, तीस पावसाळे पाहिलेली. डिचोली-म्हापसा हा लांबचा वळसा नको म्हणून त्यांनी चोडणची वाट धरली. धक्क्यावर फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. जीप रांगेत उभी राहिली. आता बोट लागेल, मग लागेल, म्हणून एंजिन चालूच ठेवले होते. पाच-सात मिनिटांत तापमापकाचा काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला आणि बॉनेटखालून वाफ फुसफुसू लागली. घरचा थोरला मुलगा, वय वर्षे सोळा, हाती फडके घेऊन उतरला, बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या टोपणास हात घातला. मागच्या ट्रकाच्या चालकाने धावत येऊन त्याचे मनगट धरले नसते, तर त्या दिवशी बांबोळीस एक नव्हे, दोन रुग्ण न्यावे लागले असते.

आजीस एका अनोळखी गृहस्थाने आपल्या मोटारीत घेतले. ती वेळेवर पोहोचली आणि चार दिवसांनी घरी परतली, ही देवाची कृपा व त्या गृहस्थाचे सौजन्य. परंतु पुढल्या रविवारी मुलाचे वडील आमच्याकडे आले ते उतरल्या चेहऱ्यानेच. म्हणाले, “फादर, रेडिएटर बदलायचा हे तर ठरले. पण कोणता बसवायचा? तिघांनी तीन वाटा दाखविल्या आहेत, आणि खिसा मात्र एकच आहे.”

खिशाची गोष्ट खोटी नव्हती. डिचोली तालुक्यातील पुष्कळ घरांप्रमाणे या घराचेही अन्न एकेकाळी खनिजाच्या ट्रकावर चालत असे. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्या ओढाताणीत ट्रक विकला गेला. राहिले ते लहानसे कुळागर आणि ही जीप. नारळ-सुपारी बाजारी नेणे, शेजाऱ्याचे सिमेंट आणणे, अपरात्री कोणाची सून अडली तर तिला दवाखान्यात पोहोचविणे, ही सारी कामे ती जीपच करी. अशा घरी रेडिएटर चुकीचा निवडला, तर केवळ पैसे जात नाहीत. एका अख्ख्या वाड्याचा आधार रस्त्यात उभा राहतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आम्ही त्या गृहस्थांबरोबर बसून केला आणि तोच येथे मांडीत आहोत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या अंगणात अशीच एखादी वृद्ध जीप उभी असेल, याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम त्या तीन वाटा सांगतो. गावच्या मिस्त्रीचे म्हणणे असे की, जुन्या रेडिएटरच्या पितळी टाक्या चांगल्या आहेत. त्या ठेवून मधली जाळी तेवढी तांब्याची नवी बसवावी. दुकानदाराचे म्हणणे, जुन्याच्या नादी न लागता ॲल्युमिनिअमची जाळी व प्लास्टिकच्या टाक्या असलेला नवा घ्यावा. तो हलका, स्वस्त आणि आजच मिळणारा. शहरातील एका नातलगाचे म्हणणे, चार ओळींचा जाडजूड रेडिएटर एकदाच बसवावा आणि मग बेळगावपर्यंत काट्याकडे पाहूही नये. तिघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हता. परंतु खरे बोलणारी तीन माणसेही तीन निरनिराळ्या गाड्यांविषयी बोलत असू शकतात, आणि आपली गाडी त्यांपैकी कोणती हे आपणांसच पाहावे लागते.

हे पाहण्यापूर्वी रेडिएटरचे काम काय ते समजून घेऊ. एंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि जवळजवळ तितकीच एंजिनच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता बाहेर काढली नाही, तर तेल पातळ होऊन पिस्टन धरतो, एंजिनचे डोके वाकते आणि एंजिन निकामी होते. म्हणून पाण्याचा पंप एंजिनच्या अंगातून पाणी फिरवितो. ते तापलेले पाणी रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जाते. नळ्यांना चिकटलेल्या पातळ पाकळ्यांमधून वारा वाहतो आणि पाण्याची उष्णता घेऊन जातो. म्हणजे पाणी हा केवळ हमाल. ओझे शेवटी वाऱ्यानेच न्यावयाचे असते. हे एक सूत्र ध्यानी ठेविले, तर पुढील सारा निर्णय सोपा होतो.

मोटारीच्या आरंभीच्या काळी ही सोय नव्हती. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बेर्टा बेंझ ही माता आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीस न सांगता, त्याने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरांच्या त्या प्रवासात एंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, आणि म्हणून वाटेत विहीर, ओढा, खाणावळ जे लाभेल तेथे थांबून पाणी भरावे लागे. चढणीवर मुलांस उतरून गाडी ढकलावी लागली. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने नव्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजिला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्यांतून वारा जाई आणि मागील पंखा तो ओढून घेई. परिणामी पूर्वीच्या निम्म्याच पाण्यात, म्हणजे अवघ्या नऊ लिटरांत, पस्तीस अश्वशक्तीचे एंजिन थंड राहू लागले. मायबाखने पाणी वाढविले नाही; वाऱ्यास अधिक अंग दिले. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या जुन्या गोष्टीतच आहे.

जीप ही तर मुळातच कठीण वाटेसाठी जन्मलेली गाडी. १९४१ सालापासून अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज कंपनीने ती बनविली, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी तिची जोडणी करून ती आपल्या देशात रुळविली. आमच्या या कुटुंबाची जीप त्याच घराण्यातील एमएम ५४०. तिच्या पोटात पेजो जातीचे २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन. अशी गाडी सपाट महामार्गावर शंभराच्या वेगाने क्वचितच धावते. ती भरल्या ओझ्याने, खालच्या गियरात, कुळागराच्या चढणीवर हळूहळू चढते. तेव्हा एंजिनचे कष्ट सर्वांत अधिक आणि समोरून येणारा वारा सर्वांत कमी, अशी उलटी अवस्था होते. फेरीच्या रांगेत तर समोरचा वारा मुळीच नाही. सारा भार एकट्या पंख्यावर, आणि तो पंखाही एंजिन मंद फिरत असल्याने मंदच फिरतो.

येथे आमच्या एका चुकीची कबुली देणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी पेडणे भागात असताना आमच्या वापरातील एक जुनी जीप अशीच तापू लागली. आम्ही कोणास नीट न विचारता, मोठे ते चांगले या समजुतीने बाजारातील सर्वांत जाड रेडिएटर आणविला. पैसे आमचे नव्हते. लोकांनी विश्वासाने दिलेले होते. रेडिएटर चकचकीत दिसला, सर्वांनी वाखाणला, आणि पहिल्याच मोठ्या चढणीवर काटा पूर्ववत तांबड्यात गेला. अखेर एका वृद्ध मिस्त्रीने अर्ध्या तासात दोष दाखविला. पाण्याच्या पंपाची पाती गंजून झिजली होती, आणि पंख्याभोवतीचे कडे पूर्वी कधीतरी काढून टाकलेले होते. जुना रेडिएटर बिचारा निर्दोष होता. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला : आधी निदान, मग औषध. रोग्यास न तपासता औषध देणाऱ्या वैद्यास आपण नावे ठेवतो. मग यंत्रास तरी तोच अन्याय का करावा?

निदानाची पहिली खूण अशी. गाडी उभी असता किंवा हळू चढताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना निवते, तर बहुधा वाऱ्याचा दोष असतो : पंखा, त्याचा पट्टा, त्याचे कडे, अथवा पाकळ्यांत बसलेली माती. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाच ती तापत असेल, तर बहुधा पाण्याचा दोष असतो : आतून बुजलेल्या नळ्या, झिजलेला पंप, न उघडणारा थर्मोस्टॅट, अथवा खालची रबरी नळी ओढीने चपटी होणे. एंजिन पूर्ण थंड असता टोपण काढून ते सुरू करावे; पाण्यात बुडबुडे सतत येतच राहिले, तर एंजिनचे हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. अशा गाडीस सोन्याचा रेडिएटर बसविला तरी ती तापणारच. काटाही कधी खोटे सांगतो. २०२० च्या साथीत दारोदार कपाळाजवळ धरीत ते तापमापक आठवते ना? त्याच जातीचे, पण अधिक तापमान मोजणारे उपकरण हल्ली बऱ्याच गॅरेजांत असते. ते जाळीवर सर्वत्र फिरविले म्हणजे जेथे पाणी वाहत नाही तेथे थंड पट्टे सापडतात.

थर्मोस्टॅटविषयी एक शब्द अधिक. ‘आपल्या उष्ण हवेत त्याची गरज काय?’ असे म्हणून तो काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा द्वारपाल होय. पाणी साधारण ऐंशी अंशांच्या आसपास तापले म्हणजे तो दार उघडतो. तो नसला तर एंजिन योग्य उबेस उशिरा येते, इंधन अधिक खाते आणि आतून लवकर झिजते. बिघडला असेल तर बदलावा. हाकलून देऊ नये.

आता मयेच्या जीपकडे वळू. ती रांगेत आणि चढणीवर तापे. म्हापशाच्या रस्त्यावर मात्र बरी चाले. मिस्त्रीने आमच्यासमक्ष तपासणी केली. पाकळ्यांत तांबडी माती लिंपल्यासारखी बसली होती, त्यात काजूच्या पानांचा चुरा व पावसाळी किडे. पंख्याभोवतीच्या कड्याचा खालचा निम्मा भाग तुटून गेला होता. जाळीपुढे, शोभेसाठी, दोन मोठे दिवे असे बसविले होते की वाऱ्याची वाटच अडावी. शिवाय जाळीचा डावा तिसरा हिस्सा थंड लागला, म्हणजे तेथील नळ्या आतून बुजलेल्या. त्याचे कारण विचारता घरच्या माणसांनी थोडे लाजतच सांगितले की, मागे गळती लागली तेव्हा पाण्यात हळद घातली होती आणि पुढे बाजारातील गळतीची पूडही. अडल्या वेळी हा उपाय गाडीस घरापर्यंत आणतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जी पूड भोक बुजविते, ती नळीही बुजविते. तिला भोक कोणते आणि नळी कोणती याचा विवेक नसतो.

म्हणजे रेडिएटर दोषी होता खरा, पण एकटा नव्हे. तो बदलणे आवश्यक, आणि त्याचे तीन साथीदार तसेच सोडणे व्यर्थ, असा निवाडा झाला.

आता धातूचा प्रश्न. तांबे ॲल्युमिनिअमपेक्षा उष्णता सुमारे पावणेदोन पट अधिक सहजतेने वाहून नेते. मग तांब्याचाच रेडिएटर अधिक थंड, असे कोणीही म्हणेल. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. तांब्याच्या म्हणविल्या जाणाऱ्या रेडिएटरात पाकळ्या तांब्याच्या, पण नळ्या व टाक्या बहुधा पितळेच्या असतात, आणि त्यांची जोडणी डाखाने केलेली असते. पितळ व डाख दोन्ही उष्णता नेण्यात ॲल्युमिनिअमहून मागे आहेत. शिवाय तांब्याची घनता ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून अधिक. वजन आवरण्यासाठी त्याच्या नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात. उलट ॲल्युमिनिअमच्या नळ्या रुंद करता येतात आणि त्या पाकळ्यांशी चांगल्या भिडतात. म्हणून सारख्या आकाराचे, चांगल्या बनावटीचे दोन्ही रेडिएटर थंडाव्यात जवळपास सारखेच उतरतात. केवळ धातूचे नाव ऐकून निवड करणे म्हणजे आडनाव पाहून सोयरीक जुळविण्यासारखेच आहे.

खरा भेद दिसतो तो दुरुस्तीच्या वेळी. डाख दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. म्हणून पितळेच्या टाकीस चीर पडली, नळीस भोक पडले, तर डिचोलीचा वा म्हापशाचा कारागीर ती तासाभरात डाखून देतो. ॲल्युमिनिअमची जाळी कारखान्याच्या भट्टीत सहाशे अंशांच्या सुमारास जोडलेली असते. ती फुटली तर गावच्या कारागिराचे हात टेकतात. प्लास्टिकच्या टाक्या तर उन्हाळे-पावसाळे सोसून ठिसूळ होतात, आणि त्यांची दुरुस्ती म्हणजे बहुधा बदलीच. ज्याची गाडी नवी, रस्ता चांगला आणि दुकान हाकेच्या अंतरावर, त्याने हलका ॲल्युमिनिअमचा रेडिएटर खुशाल घ्यावा. आजच्या बहुतेक मोटारींत तोच असतो आणि तो आपले काम चोख करतो. पण जुन्या जीपची चौकट लवचीक, तिचे धक्के कठोर. खड्ड्यात चौकट पिळवटली म्हणजे तो पीळ रेडिएटरच्या अंगावर येतो. तेव्हा असा रेडिएटर घ्यावा की जो दुखावला, तर जवळच्या माणसास बरा करता येईल.

जाडीचा प्रश्न उरला. जाळीत नळ्यांच्या एकामागे एक ओळी असतात : दोन, तीन, चार. पहिल्या ओळीस ताजा वारा लाभतो. दुसरीस पहिलीने तापविलेला. चौथीच्या वाट्यास तो येतो तेव्हा उरलेली शक्ती थोडीच असते. म्हणून दोनाच्या चार ओळी केल्याने थंडावा दुप्पट होत नाही. उलट जाड जाळीतून वारा ओढणे मंद पंख्यास जड जाते, आणि उभ्या गाडीस त्याचा उपयोग अपेक्षेहून पुष्कळच कमी होतो. तीच गोष्ट पाकळ्यांची. दाट पाकळ्या कागदावर उत्तम. परंतु आपल्या तालुक्यातील तांबड्या धुळीत त्या चाळणीसारख्या भरून जातात. किंचित विरळ पाकळ्या, ज्या पाण्याच्या साध्या धारेने साफ होतात, त्याच आपल्या मातीस योग्य. जागा असेल तर जाडीपेक्षा जाळीची उंची-रुंदी वाढविणे हितावह, कारण त्यामुळे ताज्या वाऱ्यास सामोरे जाणारे अंग वाढते. पण जीपच्या तोंडाची रुंदी ठरलेली. तेव्हा तीन ओळी आणि मूळ मापाचे अंग, हाच मध्यम मार्ग आम्हां सर्वांस पटला.

अखेर त्या गृहस्थांनी मिस्त्रीची वाट धरली. जुन्या पितळी टाक्या सोडवून उकळून स्वच्छ केल्या, तांब्याची तीन ओळींची, बेताच्या दाट पाकळ्यांची नवी जाळी बसविली, आणि कारागिराने हवा भरून, पाण्याच्या हौदात बुडवून, एकही बुडबुडा येत नाही हे दाखवून दिले. हे दाखविल्याखेरीज पैसे देऊ नयेत, असे आम्ही आधीच सुचविले होते. पंख्याचे कडे पत्र्याचे नवे केले; पंख्याची पाती निम्मी कड्याच्या आत आणि निम्मी बाहेर अशी बसली, म्हणजे पंखा सारा वारा जाळीतूनच ओढतो, आजूबाजूचा तापलेला वारा पुन्हा पुन्हा घुसळीत बसत नाही. रबरी नळ्या, पट्टा व थर्मोस्टॅट नवे घेतले. शोभेचे दिवे काढून बाजूस बसविले. साऱ्याचा खर्च दुकानातील नव्या रेडिएटरहून काहीसा अधिक झाला, चार ओळींच्या त्या जाडजूड रेडिएटरहून मात्र कमी.

जे वाचक पूर्ण नवा रेडिएटर आणणार असतील, त्यांनी दुकानी जाताना केवळ गाडीचे नाव सांगू नये. जुन्या जीपगाड्यांची एंजिने अनेकदा बदललेली असतात. कागदावर एक आणि पोटात दुसरे. म्हणून जाळीची उंची, रुंदी व जाडी. वरच्या आणि खालच्या नळीची तोंडे कोणत्या बाजूस व किती व्यासाची. पकडीच्या छिद्रांतील अंतर. आणि पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंतची मोकळी जागा, ही सारी मापे कागदावर लिहून न्यावीत. जुना रेडिएटरच बरोबर नेला तर उत्तमच. पंखा जाळीस घासला, तर नव्या रेडिएटरचे आयुष्य पहिल्याच दिवशी संपते.

आता टोपणाविषयी, कारण चोडणच्या धक्क्यावर आपल्या मुलावर ओढवलेला प्रसंग त्याच टोपणाचा होता. ते साधे झाकण नव्हे. ठरावीक दाबापर्यंत पाणी कोंडून ठेवणारी ती झडप होय. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांस उकळते. टोपणाने ७ पौंडांचा दाब धरला तर ते सुमारे १११ अंशांस उकळते, आणि १५ पौंडांचा धरला तर सुमारे १२० अंशांस. म्हणून दाब वाढविला की पाणी उशिरा उकळते. परंतु कमी दाबासाठी बनविलेल्या जुन्या रेडिएटरवर जास्त दाबाचे टोपण बसविणे म्हणजे जुन्या मडक्यावर धोंडा ठेवणे; जेथे डाख दुबळा, तेथे तो फुटणार. बनविणाऱ्याने सांगितले असेल तेवढ्याच दाबाचे टोपण घ्यावे. घाटात चढताना हेही ध्यानी असावे की, दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. सुमारे ८०० मीटर उंचीचा चोर्ला घाट ओलांडणाऱ्यास हा फरक लहान असला, तरी काठावर असलेल्या एंजिनास तेवढाही पुरतो.

आणि त्याच दाबामुळे तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडणे जीवघेणे ठरते. आत ११० अंशांचे पाणी आहे. टोपण फिरताच दाब सुटतो, त्यातील काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि उरलेले उकळते पाणी तोंडावर व छातीवर उसळते. हातातील फडके तेथे काय कामाचे? एंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरच्या रबरी नळीस हात लावून ती थंड झाली आहे, दाबली तर मऊ लागते, अशी खात्री झाल्यावरच टोपण सैल करावे. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. त्याने लोखंडास तडा जाऊ शकतो. दुर्दैवाने कोणी भाजलाच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. तेल, तूप, दंतमंजन, शाई असले काही लावू नये.

रेडिएटरात घालावयाच्या पाण्याविषयी दोन शब्द लिहून आटोपते घेतो. विहिरीच्या वा ओढ्याच्या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात, म्हणून शुद्ध केलेले पाणी व त्यात बनविणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही; परंतु कूलंट गंज रोखतो आणि उकळबिंदू थोडा वाढवितो. दोन निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. आणि मातांनो, हे विशेष ध्यानात घ्या : बहुतेक कूलंटांत जे एथिलीन ग्लायकॉल असते ते चवीस गोड, पण विषारी असते. उरलेला कूलंट सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. अंगणात सांडला तर लगेच पाण्याने धुऊन काढा. कुत्रे, वासरू, रांगते मूल, कोणालाही तो गोडवा भुलवील.

यानंतर एक पावसाळा उलटला. ऑक्टोबरच्या उन्हात तीच जीप नारळांच्या पोत्यांनी भरून, त्याच धक्क्यावर, त्याच रांगेत उभी राहिली. आम्हीही योगायोगाने तिच्यात होतो. काटा मध्यावरून किंचित वर चढला आणि तेथेच थांबला. वडिलांनी काही बोलून दाखविले नाही, पण त्यांनी एंजिन बंद केले आणि म्हणाले, “चालते आहे म्हणून तापवायची कशाला?” ती गाडी आता कधीच तापणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. घाटात भरल्या ओझ्याने तिने सावकाशच जावे, आणि काटा चढू लागला तर बाजूस थांबून दम घ्यावा. म्हाताऱ्या माणसास आपण जसे चालवितो, तसेच जुन्या यंत्रासही चालवावे लागते.

घरच्या थोरल्या मुलाकडे आता दर शनिवारी सकाळचे एक काम लागले आहे. गाडी थंड असताना पाण्याची पातळी पाहणे, पट्टा दाबून पाहणे, आणि पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेस पाण्याची मंद धार सोडून पाकळ्यांतील माती काढणे. जोराची धार नव्हे. तिने पाकळ्या वाकतात. आणि जीपच्या काचेजवळ त्याने आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहून चिकटविली आहे. परवा आजीस घेऊन ते तपासणीसाठी बांबोळीस निघाले, तेव्हा तिने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली : ‘गाडी तापली तर थांबा. टोपणास हात लावू नका.’ आणि नातवाकडे पाहून ती म्हणाली, “पोरा, हे त्या दिवशी लिहायला हवे होते.”